मिरचीच्या शीतगृहातली अरोनिया

दर उन्हाळ्यात एक तरी माणूस नर्सरीत येऊन सफरचंदाचं रोप मागतो. बहुतेक मे महिन्यातच मागतो. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ होऊन राहिलेलं असतं, नळ उघडला तर चहा टाकावा असं पाणी येतं, आणि हा माणूस दुपट्ट्यानं मान पुसत विचारतो, "बाई, काश्मिरी सफरचंद आहे का?" मी लगेच नाही म्हणत नाही. आधी त्याला सावलीत बसवते, माठातलं पाणी देते, डोकं थंड होऊ देते. मग पेरू विकते.

साकोलीजवळ हायवेच्या कडेला हिरव्या जाळीखाली ही नर्सरी चालवता चालवता माझे केस पांढरे झाले. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणणाऱ्यांना वाटलं असेल, बाई गुलाबावर डोळा कसा बांधायचा ते सांगेल. ते कोणत्याही पुस्तकात मिळतं. पुस्तकात मिळत नाहीत ते ग्राहक. एक बाई पर्समधून फक्त एक पान काढून दाखवायची आणि म्हणायची, "याले काय झालं पाहा बरं." मी म्हटलं, पान तर बरं दिसते, झाड कुठं आहे? म्हणे, "झाड मेलं ना!" एका साहेबांची बदली झाली तर त्यांनी क्वार्टरच्या अंगणात लावलेला आंबा, चांगला डोक्याच्या वर गेलेला, उपटून ट्रकात सामानासोबत न्यायचा हट्ट धरला. सोफा जातो तर आंबा का नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या धंद्यात एक गोष्ट मात्र मनाला लागते. जगलेल्या झाडाची बातमी द्यायला कोणी येत नाही. मेलेलं मात्र पिशवीत घालून दाखवायला आणतात. त्यामुळे कधी कधी वाटतं, आपण जन्मभर मेलेलीच झाडं विकली की काय! आपण वाढवलेलं रोप कोणाच्या अंगणात मोठं झालं, त्याच्या सावलीत कोण बसलं, हे बघायला मिळत नाही. म्हणूनच ज्या एका झाडाची कहाणी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळाली, तीच सांगते.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झाले. ते ज्या सेक्शनमध्ये होते तिथले सुपरवायझर पटले साहेब. मूळचे बपेऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले, पण रिटायर झाल्यावर त्यांनी साकोलीला घर बांधलं. फॅक्टरी सुटून वर्षं झाली तरी साहेब नर्सरीच्या फाटकात दिसले की आमचे हे हातातली झारी खाली ठेवून उभे राहतात. मी कितीदा सांगितलं, "अवो, आता तर बसा." म्हणतात, "पाय आपोआप उभे होतेत, मी काय करू?"

एका दिवाळीनंतर साहेब आले ते हातात रिकामी बाटली घेऊन. त्यांची मुलगी पल्लवी पोलंडला नोकरी करते. ती सुट्टीत आली तेव्हा तिकडच्या कुठल्याशा फळाचा रस घेऊन आली होती. काळ्या जांभळ्या रंगाचा, गाळ खाली बसलेला. साहेबांना बीपीचा त्रास. त्यांनी तो रस बाटली संपेपर्यंत घेतला आणि त्यांना एकदम तरुण वाटायला लागलं.

"मेश्राम बाई," साहेब म्हणाले, "हे झाड लावाचं आहे. अरोनिया."

मी नाव पहिल्यांदाच ऐकत होते. पल्लवीला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, झुडूप असतं, माणसाच्या उंचीचं. पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात, मग काळी फळं. पाणी आवडतं, थंडीत पानं गळतात. थंडी किती म्हणून विचारलं तर म्हणाली, "काकू, सध्या खिडकीबाहेर बर्फ पडून राहिला आहे."

मी साहेबांना सांगितलं, हे आपल्याकडचं काम नाही. साहेबांनी माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं.

"मेश्राम, होईल ना?"

"हो साहेब," हे म्हणाले. सेक्शनमध्ये त्यांनी दुसरं उत्तर कधी दिलंच नव्हतं.

मग बियाण्याचं पाकीट आलं. मोबाईलवरून मागवलेलं. पाकिटावर बर्फाच्या डोंगराचं चित्र, त्याखाली काळ्याभोर फळांचे घोस. मी बोडीचा, म्हणजे गावतळ्याचा, गाळ चाळून घेतला, जुनं शेणखत घातलं, जळलेला धानाचा कोंडा मिसळला आणि ट्रेमध्ये बी टाकलं. आठवडाभरात उगवलं. साहेब रोज सकाळी फिरायला निघायचे ते नर्सरीत येऊन ट्रेसमोर थांबायचे. मी ट्रेवर धानाच्या पेंढ्याची तणीस अंथरली, थंडी लागू नये म्हणून. नंतर आठवलं की याला थंडी लागायलाच पाहिजे, म्हणून काढली.

रोपं वीतभर झाली, पांढरी बारीक फुलं आली. साहेब खूश. मी मात्र शेजारच्या कुंड्यांतलं गवत काढायला बसले होते आणि उपटता उपटता हात थांबला. माझ्या एका हातात मी उपटलेलं तण होतं आणि समोर ट्रेमध्ये साहेबांची अरोनिया होती. पान तेच. फूल तेच. मकोय! ओलीच्या जागी, वाफ्याच्या कडेला आपोआप उगवते ती. काळी बारीक फळं येणारी. इकडून उपटून फेकत होते आणि तिकडे झारीनं पाणी घालत होते.

साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ दोन्ही झाडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोलंडले मकोय खातेत?"

"नाही जी. आपल्याले फसवलं."

"हूं," साहेब म्हणाले. "आता बरोबर जागेवरून मागवा."

बरोबर जागा म्हणजे हिमाचल. तिकडच्या एका नर्सरीवाल्याचा नंबर मी रोपांच्या व्यापाऱ्याकडून मिळवला. ठाकूरजी म्हणू त्यांना. फोनवर मी सांगितलं, अरोनिया पाहिजे, भंडारा जिल्ह्यात. त्यांनी विचारलं, "वहाँ गर्मी कितनी पड़ती है?" मी सांगितलं. मग म्हणाले, "बहनजी, आप मज़ाक तो नहीं कर रहीं?"

तरी त्यांनी पाठवलं. रोप कसलं, एक काडी आणि खाली ओल्या शेवाळात गुंडाळलेली मुळं. साहेबांनी ते दोन्ही हातांवर घेतलं तेव्हा देवकाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणाल्या, "मा व माय! याच्यासाठी एवढे दिवस?" आमच्या ह्यांच्या तोंडात अरोनिया बसेना. त्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव अरुणा करून टाकलं.

जमिनीत लावायचं की कुंडीत, यावर चर्चा झाली. जमीन चांगलीच, पण उन्हाळ्यात झाड उचलून सावलीत नेता येत नाही. म्हणून कुंडी. हे झाड मुळं खोल सोडत नाही, आडवी पसरवतं, म्हणून उंच कुंडीपेक्षा पसरट बरी. प्लास्टिकचा निळा ड्रम आडवा अर्धा कापला, बुडाला भोकं पाडली, त्यावर कौलाची खापरं, मग गाळ, शेणखत, कोंडा. वरून तणशीचा जाड थर, ओल टिकावी म्हणून. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली येईल अशी अंगणातली जागा. चुना लावलेल्या भिंतीपासून लांब, कारण चुन्याचं पाणी अशा झाडाला सोसत नाही. कोणतंही परकं झुडूप कुंडीत लावणाऱ्यानं एवढं केलं तरी पुरे आहे. बाकी झाडाची मर्जी.

फेब्रुवारीत काडीला पालवी फुटली. साहेबांनी कुंडीसमोर पाटी लावली, "अरोनिया. हात लावू नये." त्यामुळे गल्लीतला प्रत्येक माणूस हात लावून गेला.

मग उन्हाळा आला. पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. मी हिरवी जाळी बांधून दिली. साहेबांना ते पुरेना. त्यांनी झोपायच्या खोलीतला कूलर काढून ओट्यावर आणला आणि त्याचं तोंड झाडाकडे केलं. देवकाताई आत पंख्याखाली उकडत होत्या आणि बाहेर अरुणा गार वाऱ्यात डुलत होती. "माह्या लग्नात बापानं पंखा देला होता," ताई मला म्हणाल्या, "तो आतापर्यंत मले पुरला. हे टिकलीएवढ्या दोन पानाचं झुडूप, इले कूलर!"

आम्ही हसत होतो. त्या दुपारपर्यंत.

दुपारी ताईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "बाई, लवकर या. साहेब झाडापाशी बसले ते उठून नाही राहिले." आम्ही स्कूटरवर गेलो तर साहेब भिंतीला टेकून बसलेले, शर्ट घामानं भिजलेला, डोळे उघडे पण आमच्यावर ठरत नव्हते. कूलरची हवा सगळ्या पानांना लागते की नाही ते बघायला भर उन्हात उभे राहिले होते. शेजाऱ्यांची गाडी मिळाली. गाडीत ह्यांनी साहेबांचा हात धरून ठेवला होता. इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांना पहिल्यांदाच हात लावला असेल.

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, सोडला, परत बांधला. "बीपीची गोळी रोज घेता ना?"

साहेब छताकडे बघत होते.

"घेतेत ना जी," ताई म्हणाल्या. "मीच सकाळी हातात देतो. पाणी घेऊन अंगणात जातेत, झाड पाहत पाहत घेतेत."

छताकडे बघत साहेब म्हणाले, "घेत नव्हतो."

"मंग गोळ्या कुठी गेल्या?"

"कुंडीत."

कोणालाच कळेना. साहेबांनी सांगितलं, गोळीची सवय लागते, त्यापेक्षा फळ येईपर्यंत थांबावं असा त्यांनी विचार केला होता. पण औषध फेकून देणं बरोबर वाटेना. म्हणून रोज झाडाच्या बुडाशी तणशीखाली सारून ठेवत होते.

ताई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आणि आमचे हे, ज्यांना कधी काय बोलावं ते कळत नाही, हळूच म्हणाले, "म्हणजे साऱ्या गल्लीत त्या अरुणाचाच बीपी कंट्रोलमध्ये होता."

ताई रडता रडता हसल्या. मग परत रडल्या.

साहेब दोन-चार दिवसांत घरी आले, पण गोळीचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. पल्लवीनं फोनवर आरडाओरडा केला. "बाबा, मी ते सरबत म्हणून आणलं होतं! इकडे लोक त्याचा मुरंबा करतात. औषध म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?" साहेब म्हणाले, रेंज नाही, आणि फोन ठेवला. शेवटी ताई नर्सरीत आल्या. रोपांच्या पिशव्यांमध्ये पालथ्या बादलीवर बसल्या.

"बाई, माझं नाही ऐकत. पोरीचं नाही, डॉक्टरचं नाही. झाडाच्या बाबतीत तुमचं ऐकतेत. तुमीच काही करा. मले एकटीले भेव लागते आता."

मी काय करणार होते? मी रोपं विकणारी बाई. तरी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. साहेब अंगणात खाटेवर होते. पहिला प्रश्न झाडाचाच. "बाई, जगते का?"

"जगते. खालून नवीन फुटवा आहे. पण साहेब, ठाकूरजी म्हणाले होते, फळ तिसऱ्या वर्षी."

"माहीत आहे."

"मंग तोवर थांबा लागते."

"थांबून राहिलो ना."

"झाडाचं नाही म्हणत मी," मी म्हटलं, आणि कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडलं. माणसाला तोंडावर कसं सांगायचं, की तुम्ही तोवर राहाल की नाही ते बघा?

तेव्हा हे बोलले. उभे राहूनच. "साहेब, तुमीच आमाले सांगत होते. माल हातात येत नाही तोवर मशीनवरून उठाचं नाही. कोणी मधात उठला का तुमी त्याले सोडत नव्हते." मग एकदम त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. ते खाली बघायला लागले.

साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रागावतात.

"देवका," साहेब म्हणाले, "पाणी आण."

त्या दिवसापासून रोज सकाळी साहेब मोठा तांब्या घेऊन अंगणात यायचे. अर्ध्या पाण्यासोबत गोळी, अर्धं पाणी झाडाला. ताई दारात उभ्या राहून साहेबांच्या गळ्याकडे बघायच्या, गोळी खाली उतरली की नाही ते.

पावसाळ्यात अरुणा अशी काही वाढली की मीच चाट पडले. हिला ओल सोसते, आपल्याकडच्या पावसात ती धानासारखी तरारली. पण हिवाळा आला आणि घोटाळा झाला. आपली थंडी म्हणजे सकाळी शेकोटी आणि दुपारी बनियान. झाडानं अर्धी पानं टाकली, अर्धी ठेवली, त्याला कळेना झोपावं की जागावं. पुढे एक फूल आलं नाही. ठाकूरजींनी सांगितलं, "बहनजी, इसको दो महीने ठीक से ठंड चाहिए, फ्रिज जैसी। नहीं तो फूल नहीं बनेगा।"

फ्रिज जैसी म्हटल्यावर साहेबांनी घरच्या फ्रिजकडे बघितलं. ताई फ्रिजच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांनी एका ठोक व्यापाऱ्याला गाठलं. त्याचं शीतगृह होतं. एका खोलीत फळं, दुसऱ्या खोलीत लाल मिरचीची पोती. शेठ आधी हसला, मग साहेबांचा चेहरा बघून म्हणाला, "ठीक आहे, एका कोपऱ्यात ठेवा." टेम्पोतून कुंडी नेली, फळांच्या खोलीत सफरचंदाच्या पेट्यांशेजारी ठेवली. साहेब दर आठवड्याला स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून तिला बघायला जायचे. शेठ ओरडायचा, "साहेब, अंदर बसने का नहीं!"

आता आमच्या ह्यांनी केलेल्या नावाचा परिणाम बघा. चौकात कोणीतरी कोणाला म्हणालं, पटले साहेब दर आठवड्याला अरुणाला भेटायला जातात. तिथून ते देवकाताईंच्या शेजारणीपर्यंत पोचलं. शेजारीण मोठ्या काळजीनं ताईंना आत घेऊन गेली आणि दार लावून म्हणाली, "ताई, मले सांगाले बरं नाही वाटत. पण ते अरुणा कोण आहे?"

ताईंनी चेहरा हलू दिला नाही. "जाऊ दे व," म्हणाल्या. "थंडीत राहते बिचारी. अंगावर एक पान नाही."

शेजारीण पुढे कित्येक दिवस साहेबांना ओळख देत नव्हती.

इकडे मी सहज ठाकूरजींना फोन केला, झाड थंडीत ठेवलंय म्हणून सांगायला. त्यांनी विचारलं, सोबत काय आहे? मी म्हटलं, तुमच्याकडचीच सफरचंदं. ते फोनमध्ये किंचाळले. "सेब के साथ? निकालो, आज ही निकालो!" सफरचंद पिकताना त्यातून एक हवा निघते, बंद खोलीत ती साठते आणि झोपलेल्या झाडाचे डोळे मारून टाकते, असं त्यांनी समजावलं. मला पिकत घातलेल्या केळ्यांचं माहीत होतं, पण हे कधी मनात आलं नव्हतं. आम्ही तसेच निघालो. साहेब शीतगृहाच्या पायऱ्या चढताना दमले तरी थांबले नाहीत. फांद्यांवरचा एकेक डोळा मी नखानं दाबून बघितला. टोकाकडचे काळे पडले होते. खालचे अजून घट्ट, हिरवे होते.

"वाचलं?" साहेबांनी विचारलं.

"खालचं वाचलं."

शेठकडे दुसरी थंड खोली एकच होती. मिरचीची. कुंडी मिरचीच्या पोत्यांमध्ये गेली. तेव्हापासून साहेब भेटायला गेले की आतून शिंकांचा आवाज यायचा आणि हमाल घड्याळ न बघता सांगायचे, साहेब आले. ताईंना निराळीच काळजी. "बाई, मिरचीत ठेवलं, आता फळ तिखट तर नाही लागणार?"

थंडी सरता सरता कुंडी बाहेर काढली. आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात. आणि एके सकाळी साहेबांनी स्वतः फोन केला. फोनवर ते काही बोलेनात. नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरून विचारलं, "साहेब, बरं आहे ना?"

"फूल," ते म्हणाले.

पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ, मधे गुलाबी ठिपके. खरं सांगते, बकुळ, कुंद, तगर यांच्यापुढे काही फार दिसायला नव्हतं. पण साहेबांच्या गल्लीतले लोक येऊन बघून गेले. शेजारीणही आली. तिला पाटीवरचं नाव वाचून दाखवलं गेलं, हीच ती अरुणा म्हणून सांगितलं. ती हसली नाही, साहेबांना नमस्कार करून गेली.

उन्हानं बरीच फळं गळली. उरली ती बोटावर मोजण्याइतकी. हिरव्याची लाल झाली, लालची काळी. त्याच सुमाराला पल्लवी आली. तिनं फळं आणि साहेब दोघांनाही नीट निरखून बघितलं आणि तोडायचा दिवस ठरला.

त्या सकाळी आम्ही पोचलो तर कुंपणावर एक माकड बसलेलं. नागझिऱ्याच्या जंगलाकडून टोळी येते अधूनमधून. कोणी काठी उचलायच्या आत त्यानं उडी मारली, कुंडीच्या काठावर बसलं, एक फळ तोडून तोंडात टाकलं. माकडानं चावलं. थांबलं. मग ओठ मागे ओढून, डोळे मिटून त्यानं असं काही तोंड केलं की पल्लवी हसून हसून ओट्यावर खालीच बसली. माकडानं फळ थुंकलं, साहेबांकडे एकदा बघितलं आणि परत न बघता कौलांवरून निघून गेलं.

"त्याले किंमत नाही कळत," साहेब म्हणाले.

उरलेली फळं ताटलीत घेतली. प्रत्येकाच्या हातावर एकेक. तेंदूचं कच्चं टेंभर खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं, ते सगळ्यांचं एकाच वेळी झालं. जीभ आतून कोणी कापडानं पुसल्यासारखी कोरडी. ह्यांनी साहेबांसमोर थुंकता येईना म्हणून गिळलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. ताईंनी अर्धं चावून पल्लवीच्या हातात दिलं. साहेबांनी मात्र सावकाश, एकही सुरकुती न हलवता पूर्ण खाल्लं. मग म्हणाले, "चांगलं आहे."

"खरंच?" पल्लवीनं विचारलं.

साहेबांनी बराच वेळ तोंडात जीभ फिरवली. "नाही," म्हणाले, आणि आम्ही इतके हसलो की ताईंना ठसका लागला.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. बीपी ताब्यात. साहेब म्हणाले, अरोनियाचा गुण. डॉक्टरांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी पिशवीतलं गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "हो, तिचाच गुण." त्यांनाही एव्हाना साहेबांशी कसं बोलायचं ते कळलं होतं.

पण नर्सरीवाल्या बाईनं खोटं सांगू नये. ते झाड आपल्याकडचं नव्हतंच. त्याच जूनमध्ये पाऊस लांबला, गरम वारं सुटलं, आणि अरुणा आठवडाभरात वाळली. मी जाऊन मुळं उकरून बघितली. जीव नव्हता. ताईंनी मला फाटकापाशी गाठून विचारलं, "आता?" मला कळलं त्या काय विचारत होत्या. फळ येऊन गेलं होतं. झाडही गेलं होतं. आता साहेब गोळी कशासाठी घेतील?

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

सकाळी रिक्षा थांबली. साहेब उतरले, मागून ताई. रिक्षात तो अर्धा निळा ड्रम होता, धुऊन, कोरडा करून आणलेला. हे उठून उभे राहिले. साहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः बाजूला बसले. माझ्याकडे पाणी मागितलं. मी माठातलं दिलं. साहेबांनी शर्टाच्या खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली, पाणी प्याले.

"बाई," मग म्हणाले, "आता दुसरं द्या. आपल्या इकडचं. पण फळाले वेळ लागणारं पायजे."

"किती वेळ?"

"जितका लागंल तितका."

मी आत गेले. पपई, लिंबू, कलमी आंबा, सगळं ओलांडून मागच्या कोपऱ्यात गेले, जिथे कोणी घेत नाही अशी रोपं असतात. मोहाचं एक उचललं. बियांपासून केलेलं, पान रुंद, खोड बोटाएवढं. "हे घ्या. पण सांगून ठेवतो, फूल धराले दहा-बारा वर्षं तरी लागतीन. जास्तीच. कुंडीत नाही जमत, जमिनीत लावा लागते."

साहेबांनी मनात काहीतरी हिशोब केला. मग रोप माझ्या हातातून घेतलं, पिशवीखाली तळहात धरून, नीट.

ताई रिक्षातून वाकून बघत होत्या. "अवो, कोणतं देलं?"

"मोह," साहेब म्हणाले.

"मा व माय!" ताई म्हणाल्या. "बीपीवर आता मोहाची दारू काढता का?" आणि बाजूला सरकून त्यांनी रोपाला आधी जागा करून दिली.